पाळी येणार की दिवस राहिले?

पाळी यायला चार-पाच दिवस उरले की छाती दुखरी होते, ओटीपोट जड वाटतं, कारण नसताना डोळे भरून येतात, दुपारी झोप आवरत नाही. दर महिन्याला हे सोसणारी बाई एरवी त्याकडे लक्षही देत नाही. पण मूल हवं असेल, किंवा अजिबात नको असेल, तर हीच लक्षणं ती पुन्हापुन्हा तपासत राहते. मैत्रिणीला विचारते, मोबाइलवर शोधते. तिला मिळतात त्या याद्या: एका रकान्यात पाळीपूर्वीची लक्षणं, दुसऱ्यात गरोदरपणाची. दोन्ही रकाने नीट वाचले तर निम्म्याहून अधिक नोंदी सारख्याच निघतात, आणि उरलेल्या फरकांना फारसा आधार नसतो. या विषयावरचं संशोधन एकत्र वाचताना माझं मत पक्कं होत गेलं: पाळीची तारीख उलटण्याआधी कोणतंही लक्षण, कितीही बारकाईने निरखलं तरी, भरवशाचं उत्तर देत नाही. यात तिच्या निरीक्षणाचा काही दोष नाही. तोवर तिचं शरीर दोन्ही वेळी जवळजवळ एकसारखंच वागत असतं.

अंडाशयातल्या ज्या पुटिकेतून स्त्रीबीज सुटतं, तिचंच रूपांतर पुढे पिवळसर ग्रंथीत होतं. तिला पीतपिंड म्हणतात. पीतपिंड प्रोजेस्टेरॉन तयार करतो आणि आपण ज्यांना लक्षणं म्हणतो त्यांतली बहुतेक या प्रोजेस्टेरॉनची करणी असते. त्याने आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून पोट फुगतं आणि शौचाला साफ होत नाही. स्तनांतल्या ग्रंथी भरतात, अंग सुस्तावतं, सकाळचं तापमान पाव ते अर्धा अंश सेल्सियसने चढतं. बीज फळलं आहे की नाही, हे पीतपिंडाला पहिला आठवडाभर कळतच नाही. गर्भ रुजला नाही तर साधारण बारा ते चौदा दिवसांत पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि पाळी येते. रुजला तर गर्भाच्या बाहेरच्या पेशींकडून एचसीजी हे संप्रेरक सुटतं, ते पीतपिंडाला जगवतं आणि प्रोजेस्टेरॉनचा पुरवठा चालू राहतो. म्हणजे सुरुवातीला छाती दुखते ती त्याच कारणाने. फक्त एका महिन्यात ते कारण संपतं, दुसऱ्यात संपत नाही.

गर्भ नेमका कधी रुजतो याचं उत्तर अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये झालेल्या एका चिकाटीच्या अभ्यासातून मिळालं. ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूल हवं असलेल्या २२१ स्त्रियांची लघवी रोजच्या रोज गोळा केली आणि त्यात एचसीजी कधी दिसतं ते पाहिलं. १९९९ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार, टिकलेल्या गर्भारपणांपैकी ८४ टक्क्यांत गर्भ बीज सुटल्यानंतर आठव्या ते दहाव्या दिवशी रुजला होता. सर्वांत लवकर सहाव्या दिवशी, सर्वांत उशिरा बाराव्या. रुजण्याआधी गर्भाकडून आईच्या रक्तात ओळखता येण्याजोगं एचसीजी आलेलं नसतं. त्यामुळे संबंधानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आलेली मळमळ गरोदरपणाची म्हणता येत नाही. जिला ती जाणवते, तिचा त्रास खराच असतो, पण त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

याच स्त्रियांच्या रोजच्या नोंदींवरून २००२ मध्ये आणखी एक निबंध आला. ज्यांचं गरोदरपण पूर्ण होऊन मूल जन्माला आलं, त्यांपैकी निम्म्या स्त्रियांना गरोदरपणाची लक्षणं शेवटच्या पाळीपासून ३६व्या दिवसापर्यंत जाणवू लागली होती, आणि आठवा आठवडा संपेपर्यंत ८९ टक्के स्त्रियांना. पाळी २८ दिवसांनी येते असं धरलं, तर ३६वा दिवस म्हणजे तारीख उलटून आठवडा झालेला. म्हणजे पाळीआधीच्या आठवड्यात बाई स्वतःला चाचपत असते, तेव्हा बहुतेकींच्या बाबतीत गरोदरपणाची खरी लक्षणं सुरूच व्हायची असतात.

आता दुसरी बाजू. पाळीपूर्वीच्या त्रासाला वैद्यकात जागा मिळायला फार वेळ लागला. न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ मध्ये पाळीआधीच्या ताणाचं वर्णन केलं. १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी शारीरिक आणि मानसिक त्रासांना एकत्र करून आज रूढ असलेलं नाव दिलं. कितीतरी वर्षं समज असा होता की अशा बायकांची संप्रेरकंच कमी-जास्त असतात. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पीटर श्मिट आणि डेव्हिड रुबिनो यांच्या गटाने हा समज तपासला. औषधाने अंडाशयांचं काम थांबवलं तेव्हा त्रास असलेल्या अनेक स्त्रियांना बरं वाटलं. मग बाहेरून इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन दिलं तर त्यांचा त्रास परतला, पण ज्यांना मुळात त्रास नव्हता त्यांना तेवढ्याच मात्रेने काहीच झालं नाही. संप्रेरकाची पातळी दोघींत सारखी, पण एकीचा मेंदू तिला वेगळा प्रतिसाद देतो. घरात ‘तिचे दिवस जवळ आले, तिच्याशी बोलू नका’ असं म्हटलं जातं, तेव्हा हा प्रयोग आठवावा. तो स्वभाव नसतो. त्रास इतका वाढला की नोकरी, अभ्यास, नाती कोलमडू लागतात, जगावंसं वाटत नाही, अशी अवस्था २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या नियमावलीत स्वतंत्र आजार म्हणून नोंदली गेली आणि तिच्यावर गुणकारी औषधं आहेत.

या आजाराचं निदान आठवणीवर होत नाही. किमान दोन चक्रं रोजची नोंद ठेवावी लागते. आपल्या प्रश्नालाही हीच नोंद सर्वांत उपयोगी पडते. दर महिन्याला छाती किती दिवस आधी दुखते, तपकिरी डाग पडतो का, हे लिहिलेलं असेल तर या महिन्यात काय निराळं घडतंय ते निदान दिसतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाळीच्या तारखेला गोल करणाऱ्या आपल्या आयांनी अर्धं काम केलंच होतं.

आता एकेका लक्षणाकडे पाहू. थकवा, पाठ धरणं, चिडचिड, पोट फुगणं यांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. ती दोन्हीकडे सारखीच आहेत. छातीच्या दुखण्याची नोंद असेल तर थोडा उपयोग होतो: पाळीपूर्वीचं दुखणं पाळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत उतरतं, गरोदरपणात ते टिकतं आणि वाढतं. स्तनाग्रांभोवतीचा भाग काळवंडणं किंवा तिथले बारीक उंचवटे ठळक होणं हा फरक खरा, पण तो काही आठवड्यांनी दिसतो. मळमळ काही जणींना पाळीआधीही होते. गरोदरपणातली मळमळ बहुधा पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते आणि नवव्याच्या आसपास सर्वाधिक असते. दहांपैकी सात-आठ जणींना ती होते, म्हणजे दोन-तीन जणींना होतही नाही. उलट्या नाहीत म्हणून दिवस राहिले नाहीत, हा घरोघरचा निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही. सकाळचं तापमान रोज घेणारीला थोडा नेमका पुरावा मिळतो, कारण बीज सुटल्यानंतर चढलेलं तापमान अठरा दिवसांहून जास्त काळ खाली आलं नाही तर गर्भ राहिल्याची शक्यता मोठी असते. पण तोवर तारीखही उलटलेली असते आणि किटवर ते आधीच कळतं.

रक्तस्रावाबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण सर्वाधिक गोंधळ आणि खरा धोकाही इथेच आहे. गर्भ गर्भाशयात रुजताना थोडं रक्त जातं, फिकट गुलाबी किंवा तपकिरी, हे इतक्या ठिकाणी लिहिलेलं असतं की डाग पडला की बाई सुखावते. नॉर्थ कॅरोलायनाच्या त्याच नोंदींवर २००३ मध्ये एमिली हारव्हिल आणि सहकाऱ्यांनी ही समजूत पडताळली. १५१ गरोदर स्त्रियांपैकी १४ जणींना, म्हणजे नऊ टक्क्यांना, पहिल्या आठ आठवड्यांत कधीतरी रक्तस्राव झाला होता. तो बहुतेकींना पाळीच्या अपेक्षित तारखेच्या आसपास झाला. रुजण्याच्या दिवसाशी त्याचा मेळ बसला नाही. या १४ पैकी १२ जणींना पुढे मूल झालं. यातून दोन गोष्टी हाती लागतात: डाग पडणं ही गर्भ रुजल्याची खूण नव्हे, आणि रक्त गेलं म्हणून गर्भ नाही असंही नव्हे.

दुसरी गोष्ट जीव वाचवणारी आहे. शंभरांतल्या एक-दोन गर्भारपणांत गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा नलिकेत, वाढतो. तारीख थोडी उलटते, मग थोडं रक्त जातं आणि बाई समजते की पाळी आली, उशिरा आणि कमी. ओटीपोटात एका बाजूला दुखतं, त्याला ती नेहमीचा पाळीचा त्रास म्हणते. नलिका फुटली की पोटात रक्त साचतं, चक्कर येते, कधी खांद्याच्या टोकाला कळ जाते. महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. इथल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असतं, आणि ‘माझं ऑपरेशन झालंय’ म्हटल्यावर दिवस राहण्याचा विचार तिच्या, घरच्यांच्या, कधीकधी तपासणाऱ्याच्याही मनात येत नाही. अमेरिकेत दहा हजारांहून अधिक ऑपरेशन झालेल्या स्त्रियांचा पाठपुरावा करणाऱ्या मोठ्या अभ्यासात दहा वर्षांत हजारी सुमारे १८ जणींना गर्भ राहिला, आणि त्या गर्भारपणांपैकी साधारण एक तृतीयांश गर्भाशयाबाहेरची होती. तांबी बसवलेली असताना दिवस राहिले तरी हाच धोका लक्षात ठेवावा लागतो. अशा बाईची पाळी चुकली किंवा चमत्कारिक आली आणि पोटात दुखत असेल, तर लघवीची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी आणि ती होकारार्थी आली तर सोनोग्राफीला उशीर होता कामा नये.

ही तपासणी आज इतकी सहज मिळते की तिच्यासाठी किती खटपट झाली याचा विसर पडतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक या डॉक्टरांनी बाईची लघवी उंदराच्या मादीला टोचून, तिचे अंडाशय कापून पाहून निदान करायची पद्धत काढली. मग सशाची मादी आली, मग दक्षिण आफ्रिकेतली बेडकी, जिने काही तासांत अंडी घातली तर निदान पक्कं आणि बेडकी पुन्हा वापरायला मोकळी. १९६० मध्ये प्राण्यांशिवाय, रक्तपेशी आणि प्रतिपिंडं वापरून तपासणी करता येऊ लागली. १९७२ मध्ये एचसीजीच्या खास तुकड्याला ओळखणारी अचूक पद्धत सापडली. आजच्या किटचा पाया तिथे आहे. ती बाईच्या हाती आणण्याची कल्पना मात्र प्रयोगशाळेतल्या कोणाची नव्हती. १९६७ मध्ये ऑर्गनॉन कंपनीसाठी वेष्टनांची रचना करणाऱ्या मार्गारेट क्रेन यांनी प्रयोगशाळेतल्या नळ्यांची रांग पाहिली आणि हे घरी का होऊ नये असा प्रश्न केला. बायका घाबरतील, चुकीचं वाचतील, काही भलतं करून घेतील, असे आक्षेप आले. अमेरिकेतल्या दुकानांत किट यायला सत्तरचं दशक संपत आलं.

किट चुकतं का? क्वचित. बहुतेक वेळा ते चुकीच्या दिवशी वापरलं जातं. गर्भ रुजल्यानंतर एचसीजी साधारण दर दोन दिवसांनी दुप्पट होतं, आणि घरगुती किटला ते ठरावीक पातळीपर्यंत चढावं लागतं. विल्कॉक्स यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की पाळी चुकल्याच्या पहिल्या दिवशी सुमारे दहा टक्के गर्भ रुजलेलेच नसतात. म्हणजे किट कितीही संवेदनशील असलं, तरी त्या दिवशी दहांतल्या एकीला ‘नाही’ असंच उत्तर मिळणार. आठवड्यानंतर ओळखता येणाऱ्यांचं प्रमाण ९७ टक्क्यांवर जातं. त्यातच तारीखही अनेकदा अंदाजाची असते. २०१९ मध्ये सहा लाखांहून अधिक पाळीचक्रांचा अभ्यास आला, त्यात २८ दिवसांचं ‘आदर्श’ चक्र फक्त १३ टक्के निघालं. बीज उशिरा सुटलं तर पाळी उशिराच येणार आणि ‘चुकली’ वाटलेली तारीख मुळात आलेलीच नसते. म्हणून तारीख उलटल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासणी, ‘नाही’ आलं आणि पाळीही आली नाही तर आठवड्याने पुन्हा, हा साधा क्रम धरावा. ज्यांच्या पाळ्या अनियमित आहेत त्यांनी संबंधानंतर तीन आठवडे मोजावेत. पट्टी सांगितलेल्या वेळातच वाचावी. तासाभराने कचऱ्यातून काढून पाहिलेली पुसट राखाडी रेघ वाळलेल्या लघवीची असू शकते.

तारखेआधीच तपासण्याची घाई मला समजते, पण तिची एक किंमत आहे. १९८८च्या अहवालात विल्कॉक्स यांच्या गटाला आढळलं होतं की रुजलेल्या गर्भांपैकी ३१ टक्के टिकले नाहीत आणि त्यांतले बहुतेक, एकूण २२ टक्के, गरोदरपण लक्षात येण्याआधीच गेले. जी गोष्ट एरवी दोन दिवस उशिरा आलेली पाळी म्हणून निघून गेली असती, ती आता दोन रेघा पाहिलेल्या बाईसाठी गर्भपात ठरते. कोणाला हे जाणून घ्यायचं असेल तर तो तिचा हक्क आहे. फक्त हे घडतं, वारंवार घडतं आणि तिने जिना चढल्यामुळे किंवा पपई खाल्ल्यामुळे घडत नाही, हे तिला आधी कोणीतरी सांगायला हवं.

औषधांनी होणारी दिशाभूल आपल्याकडे मोठी आहे. गौरी-गणपती, लग्न, वारी, घरची पूजा यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. त्यांतलं नॉरेथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करतं. छाती दुखते, पोट फुगतं आणि पाळी तर येतच नाही. या गोळ्यांनी गर्भधारणा टळते असा गैरसमज आहे, ती टळत नाही. गोळ्या थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी यायला हवी. आठवडा गेला तरी न आल्यास तपासणी करावी. संबंधानंतर ७२ तासांत घ्यायच्या तातडीच्या गोळीनेही पाळी काही दिवस मागेपुढे होते. वंध्यत्वावरच्या उपचारांत तर प्रोजेस्टेरॉन बाहेरून दिलेलंच असतं, त्यामुळे त्या दोन आठवड्यांत वाटणाऱ्या कोणत्याही लक्षणावर आशा बांधू नये. बीज सुटावं म्हणून एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर दहा-बारा दिवस किट खोटंच ‘हो’ म्हणू शकतं. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईची गोष्ट आणखी वेगळी. बाळंतपणानंतर पहिली पाळी येण्याआधीच बीज सुटू शकतं, त्यामुळे चुकायला पाळीच नसते, आणि थकवा तर रोजचाच.

एक जुनं प्रकरण इथे सांगायलाच हवं. पाळी चुकलेल्या बाईला संप्रेरकांची मोठी मात्रा द्यायची आणि रक्तस्राव झाला तर गर्भ नाही, असं निदान जगभर केलं जात असे. ब्रिटनमध्ये प्रायमोडॉस नावाची अशी गोळी होती. १९६७ मध्ये डॉ. इझाबेल गाल यांनी ती आणि बाळांमधली व्यंगं यांच्या संबंधाबद्दल इशारा दिला, आणि ती बाजारातून गेली १९७८ मध्ये. कारणसंबंधावर आजही वाद आहे, पण २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या समितीने म्हटलं की १९६७ मध्येच ती थांबवायला हवी होती, कारण तिची गरजच नव्हती, लघवीची तपासणी उपलब्ध होती. भारतात अशी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची मोठी मात्रा स्त्री-संघटना आणि आरोग्य चळवळींच्या दीर्घ लढ्यानंतर १९८८ मध्ये बंद झाली. तरीही मेडिकलच्या काउंटरवर ‘पाळी यायची गोळी द्या’ ही मागणी थांबलेली नाही. तपासणी न करता घेतलेली अशी गोळी प्रश्नाचं उत्तर देत नाही, आणि गर्भपाताची असेल तर नलिकेतला गर्भ तसाच राहून रक्तस्राव मात्र होतो, म्हणजे सर्वांत वाईट प्रकारचा दिलासा मिळतो.

ही गोळी मागायला मुलगी का जाते, याचा विचार व्हायला हवा. किट मागताना दुकानदार गळ्यात मंगळसूत्र आहे का ते पाहतो. लग्न झालेली असेल तर घरात सगळ्यांचं लक्ष तिच्या तारखेवर असतं आणि ‘नाही’ हे उत्तर तिला एकटीला ऐकायला मिळत नाही. गावात आशाताईकडे ‘निश्चय’ नावाचं किट मोफत मिळतं, ही उत्तम सोय आहे, पण आशाताई शेजारचीच असते आणि अविवाहित मुलगी तिच्या दारात जायला धजत नाही. इकडे कायदा बराच पुढे गेला आहे. २०२१च्या दुरुस्तीने गर्भपाताच्या कायद्यात ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आला. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही वेगळं वागवता येणार नाही असा निकाल दिला. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची संमती लागत नाही. औषधांनी होणारा गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच करता येतो आणि हे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे पाळी चुकते त्या दिवशीच चार संपलेले असतात. लक्षणांची वाट पाहण्यात आणखी दोन-तीन गेले की निर्णयासाठी थोडेच दिवस उरतात. मूल हवं असणाऱ्या बाईलाही वेळेत कळण्याचं महत्त्व आहे: थायरॉइड, मधुमेह, फिट्सची औषधं यांचा विचार पहिल्याच आठवड्यांत व्हावा लागतो. फॉलिक ॲसिड तर प्रयत्न सुरू केल्यापासूनच घ्यायला हवं.

लक्षणांची वाट पाहणं किती फसवं ठरू शकतं, हे बर्लिनच्या प्रसूतिगृहांमधल्या एका अभ्यासात दिसलं. २००२ मध्ये छापलेल्या या अभ्यासानुसार सुमारे ४७५ बाळंतपणांमागे एका स्त्रीला विसाव्या आठवड्यापर्यंत आपण गरोदर आहोत हे माहीत नव्हतं. त्यांतल्या अनेक जणी आधी आई झालेल्या, धडधाकट स्त्रिया होत्या. अधूनमधून जाणाऱ्या रक्ताला त्या पाळी समजत होत्या. चाळिशी ओलांडलेली, पाळ्या मागेपुढे होऊ लागलेली बाई याच गैरसमजात सहज सापडते. पाळी जायची वेळ आली असं सगळे म्हणतात, तीही म्हणते. पाळी बंद होऊन वर्ष पूर्ण होईपर्यंत तिलाही दिवस राहू शकतात, म्हणून थायरॉइडची किंवा रक्ताची तपासणी लिहून देण्याआधी तिच्याही हातात ते किट द्यायला हवं.